आखाडातला समुद्र आणि कार्बनचा हिशेब

१९९५ सालचा जुलै-ऑगस्ट. कोकण किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या होत्या. आखाडात खोल समुद्राकडे जायचे नाही आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा कोळ्यांचा नियम कोणत्याही सरकारी मासेमारीबंदीहून जुना आहे. नेमक्या त्याच दिवसांत ‘सागरकन्या’ हे भारतीय संशोधन जहाज भर अरबी समुद्रात काम करत होते. मोसमी वारा तिथे ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वाहतो आणि आठवडेच्या आठवडे उसंत देत नाही. अशा समुद्रात पोलादी तारेवरून बाटल्यांची चळत खाली सोडायची, ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची, वर आल्यावर त्यातले पाणी हवेचा बुडबुडाही न शिरू देता काचेच्या बाटलीत भरायचे. त्या पाण्यातले सूक्ष्मजीव नंतरही श्वास घेत राहतात आणि हिशेब बिघडवतात, म्हणून त्यात मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे आणि झाकण घट्ट लावायचे. मग जहाज पुढच्या ठिकाणाकडे.

प्रश्न एका ओळीचा होता. हा समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, की हवेला देतो?

समुद्र कार्बन शोषतो हे आज शाळेच्या पुस्तकातही असते आणि जगाच्या पातळीवर ते खरेच आहे. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतात. पण सगळे समुद्र सारखे वागत नाहीत. ठाणे-कल्याणच्या खाड्या ज्या समुद्राला मिळतात, तो तर या नियमाला उघड अपवाद आहे. हे कसे कळले, त्याची ही कथा आहे. ती सांगावीशी वाटते, कारण तिच्यातला मोठा भाग आपल्या किनाऱ्यावर घडला आणि आपल्यालाच तो फारसा ठाऊक नाही.

सुरुवात एका चुकीच्या आत्मविश्वासापासून होते. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये, कोळशाच्या धुरामुळे पृथ्वी किती तापेल याचे पहिले मोठे गणित मांडले. समुद्र या वायूचा सहापैकी पाच भाग गिळून टाकेल, असे तेव्हा धरले जात होते. हवेपेक्षा समुद्रात कितीतरी पट जास्त कार्बन आहे, मग आणखी थोडा त्यात मावणार नाही का, असा तो विचार. पुढची साठ वर्षे बहुतेक शास्त्रज्ञ याच भरवशावर निश्चिंत होते.

मोजण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजावर जे. वाय. ब्युकॅनन हे रसायनशास्त्रज्ञ समुद्राचे पाणी उकळून त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढून मोजत. पण हे काम दिसते तेवढे सोपे नाही. समुद्रात गेलेला कार्बन डायऑक्साइड नुसता विरघळून बसत नाही; पाण्याशी संयोग पावून त्याचा बहुतांश भाग बायकार्बोनेट होतो, थोडा कार्बोनेट होतो आणि वायूच्या रूपात उरतो तो जेमतेम शंभरातला एक भाग. हवेशी देवाणघेवाण होते ती या एका भागाची. त्यामुळे पाण्यात एकूण कार्बन किती आहे हे कळले, तरी समुद्र घेतो आहे की देतो आहे हे कळत नाही. त्यासाठी पाण्यातल्या वायूचा दाब आणि हवेतल्या वायूचा दाब यांची तुलना करावी लागते. सोड्याची बाटली उघडली की फेस बाहेर येतो, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, समुद्राचेही तसेच. पाण्यातला दाब हवेपेक्षा जास्त असेल तर वायू बाहेर, कमी असेल तर आत. फिनलंडचे कुर्ट बुख यांनी १९३०च्या दशकात या समतोलाचे रासायनिक स्थिरांक बसवण्यात मोठा वाटा उचलला आणि अटलांटिकच्या उत्तर भागात हा फरक मोजलाही.

अऱ्हेनियसच्या काळापासूनच्या भरवशाला तडा गेला तो १९५७ मध्ये. कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेतील रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी दाखवले की समुद्राच्या रसायनशास्त्रातच एक अडसर आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा टक्क्यांनी वाढला, तर समुद्राच्या वरच्या थरातला एकूण कार्बन फक्त एका टक्क्याच्या आसपास वाढतो. वरचा थर लवकर भरतो आणि खालच्या अफाट पाण्यापर्यंत हा कार्बन पोहोचायला शेकडो वर्षे लागतात. म्हणजे समुद्र घेईल, पण सवडीने; आणि माणसाला तेवढी सवड नाही. पुढच्याच वर्षी, मार्च १९५८ मध्ये, त्याच संस्थेच्या चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर हवेची सलग मोजणी सुरू केली. पहिला आकडा होता दशलक्षात ३१३ भाग. आज तो ४२०च्या पुढे गेला आहे. कीलिंग यांचा हा आलेख सर्वांना माहीत आहे. तेच कीलिंग आणि त्यांचे सहकारी समुद्राचे पाणीही मोजत होते, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. १९६२-६३ मध्ये स्क्रिप्सची ‘लुसिअड’ ही मोहीम हिंदी महासागरात आली, तेव्हा कीलिंग आणि ली वॉटरमन यांनी जहाजाच्या वाटेवरच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजला.

ही मोहीम एका मोठ्या उपक्रमाचा भाग होती. तोपर्यंत हिंदी महासागर, त्यातही त्याचा उत्तर भाग, शास्त्राच्या नकाशावर जवळजवळ कोरा होता. ‘चॅलेंजर’ इकडे आलेच नव्हते. ते दक्षिणेकडून, बर्फाच्या बाजूने निघून गेले. अपवाद म्हणजे १९३३-३४ ची जॉन मरे मोहीम. ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजातून, कलकत्त्याच्या झूलॉजिकल सर्व्हेचे माजी संचालक सेमूर स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली ती अरबी समुद्रात फिरली. तिने एक विलक्षण गोष्ट नोंदवली: अरबी समुद्रात काही खोलीवर पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच, आणि तिथल्या तळाच्या काही पट्ट्यांत जीवसृष्टीही नाही. प्राणवायू संपला याचा अर्थ वरून पडणारे सेंद्रिय कण खालच्या जिवाणूंनी खाऊन टाकले; आणि जिथे प्राणवायू खर्ची पडतो तिथे कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणजे अरबी समुद्राच्या पोटात या वायूचे मोठे कोठार आहे, हे त्या मोहिमेच्या आकड्यांतच दडलेले होते. ते कोठार कधी उघडते, हा पुढचा प्रश्न.

१९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. निरनिराळ्या देशांची चाळीसहून जास्त जहाजे तिच्यात उतरली. भारताकडून नौदलाचे ‘आयएनएस किस्तना’ आणि केरळच्या किनाऱ्यावरचे ‘वरुणा’ ही त्यातली दोन. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १९६३ मध्ये या मोहिमेचे हवामान केंद्र उघडले आणि मोसमी वाऱ्यांचा असा सविस्तर अभ्यास पहिल्यांदा झाला. मोहीम संपली तेव्हा भारतापुढे उघड प्रश्न होता: परदेशी जहाजे परत जातील, मग हा समुद्र कोण मोजणार? १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, हे त्या प्रश्नाचे उत्तर. पहिले संचालक एन. के. पणिक्कर. संस्थेचे मुख्यालय पुढे गोव्यात आले आणि दोना पावलाच्या टेकाडावर स्थिरावले. मुंबईतही तिचे प्रादेशिक केंद्र आहे.

संस्था आली, पण स्वतःचे जहाज यायला दहा वर्षे गेली. ‘गवेषणी’ १९७६ मध्ये कामाला लागली; कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीत एका बार्जचे रूपांतर करून ती बनवलेली होती. खरे खोल समुद्राचे जहाज मिळाले ते १९८३ मध्ये, जर्मनीत बांधलेली शंभर मीटर लांबीची ‘सागरकन्या’. आखाडातल्या अरबी समुद्रात टिकून काम करायला असेच जहाज हवे होते. अमेरिकेच्या संशोधकांकडे असे जहाज विसाव्या शतकाच्या मध्यापासून होते, हे लक्षात घेतले तर आपल्या शास्त्रज्ञांनी किती उशिरा सुरुवात करूनही किती लांब मजल मारली ते कळते.

एक मोठी मदत अनपेक्षित बाजूने आली. १९५० आणि ६०च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ या किरणोत्सारी समस्थानिकाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते. तो समुद्रात किती खोल उतरला हे मोजले, की हवेतून समुद्रात वायू किती वेगाने जातो याचा अंदाज येतो. या समस्थानिकांच्या शास्त्राची भारतातली परंपरा मुंबईत सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी विश्वकिरणांमुळे तयार होणारी किरणोत्सारी मूलद्रव्ये समुद्रात शोधत होते. समुद्रातल्या स्पंजांमध्ये सिलिकॉन-३२ सापडल्याचे त्यांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर १९६० मध्ये जाहीर केले. पुढे हा गट अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत गेला. तिथल्या बी. एल. के. सोमयाजुलु, एस. कृष्णस्वामी, रवी भूषण यांनी १९९०च्या दशकात अरबी समुद्रातला कार्बन-१४ पुन्हा मोजून, सत्तरच्या दशकातल्या ‘जिओसेक्स’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या आकड्यांशी तो ताडून पाहिला.

आता पुन्हा ‘सागरकन्या’कडे. १९९० च्या सुमारास जगभर ‘जेगॉफ्स’ नावाचा समुद्रातल्या कार्बनच्या अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला आणि अरबी समुद्र त्यात अग्रभागी होता. भारताचा हिस्सा १९९२ ते १९९७ असा चालला. एप्रिल-मे १९९४ मध्ये उन्हाळ्याचा समुद्र, फेब्रुवारी-मार्च १९९५ मध्ये थंडीचा आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळ्याचा, अशा वेगवेगळ्या ऋतूंतल्या फेऱ्या आखल्या होत्या. एकाच ऋतूत मोजून या समुद्राबद्दल काही बोलता येणार नाही, हे या आखणीमागचे शहाणपण होते.

मोजायचे काय? समुद्रातल्या कार्बनच्या चार राशी असतात: एकूण विरघळलेला कार्बन, पीएच, वायूचा अंशदाब, आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल निकामी करण्याची त्या पाण्याची ताकद. यातल्या दोन अचूक कळल्या की उरलेल्या दोन गणिताने काढता येतात. अडचण अचूकतेची. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण २००० मायक्रोमोल कार्बन असतो आणि माणसाच्या धुरामुळे वरच्या थरात होणारी वाढ वर्षाला एका मायक्रोमोलच्या आसपास. दोन हजारांत एक ओळखायचा, तोही हलत्या जहाजावर. एका देशाच्या प्रयोगशाळेतला आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशी जुळतो की नाही हे तपासायला स्क्रिप्समधल्या अँड्र्यू डिक्सन यांनी प्रमाणित समुद्रपाण्याच्या बाटल्या तयार करून जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवल्या. नव्वदच्या दशकातल्या या सगळ्या कामाचा खरा कणा म्हणजे त्या बाटल्या, असे माझे मत आहे. त्या नसत्या तर प्रत्येक जहाजाचे सत्य वेगळे राहिले असते.

एनआयओच्या गटाने, त्यात व्ही. व्ही. एस. एस. सरमा, एम. दिलीप कुमार, एम. डी. जॉर्ज, वाजिह नक्वी असे रसायनशास्त्रज्ञ होते, जे मांडले ते थोडक्यात असे: अरबी समुद्र एकंदर वर्षभरात कार्बन डायऑक्साइड हवेला देतो. घेत नाही. दरवर्षी काही कोटी टन कार्बन या समुद्रातून वर जातो, आणि त्यातला मोठा भाग पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत. त्याच १९९५ च्या पावसाळ्यात जर्मनीचे ‘मेटिओर’ जहाजही अरबी समुद्रात होते. कील विद्यापीठाचे आर्ने कोर्ट्झिंगर आणि सहकाऱ्यांना ओमानच्या किनाऱ्यालगत पाण्यातला अंशदाब ६०० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्याही वर मिळाला, तेव्हा हवेतला होता ३४५ च्या आसपास. वेगवेगळी माणसे, वेगवेगळी जहाजे, वेगवेगळ्या पद्धती. निष्कर्षाची दिशा मात्र एकच.

कोठार उघडते ते असे. नैर्ऋत्येचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. ‘माबाहिस’ने पाहिलेले, प्राणवायू खर्ची पडलेले, कार्बन डायऑक्साइडने भरलेले हेच पाणी. वर आल्यावर ते तापते, वायू सुटायला तयार होतो आणि तोच सोसाट्याचा वारा तो पृष्ठभागावरून खेचून नेतो. या पाण्यात खतासारखी पोषक द्रव्येही असतात; त्यामुळे सूक्ष्म वनस्पती भरभरून वाढतात आणि कार्बन शोषूही लागतात. पण ते शोषण बाहेर पडणाऱ्याला पुरे पडत नाही. आपल्याही किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या उत्तरार्धात खालचे पाणी वर सरकते, फक्त त्याच्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर पसरलेला असतो. गोव्यासमोर कांदोळीजवळ एनआयओने १९९७ पासून एका ठरलेल्या जागी हे पाणी नियमित तपासले. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे तळाशी प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, हे त्यातून पुढे आले.

हा वारा कल्याणकरांना परका नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात, पेरिप्लसमध्ये, कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि इजिप्तहून भारतात यायचे तर जुलैच्या सुमारास निघावे असा सल्लाही त्यातच आहे. ज्या वाऱ्याने रोमन व्यापाऱ्यांची गलबते कोकणाकडे ढकलली, तोच वारा ओमानच्या किनाऱ्यावर खोल पाणी उपसत होता आणि आजही उपसतो. दोन हजार वर्षांपूर्वी हा समुद्र हवेला कार्बन देतच होता. म्हणून “अरबी समुद्र प्रदूषण करतो” असे कोणी म्हटले तर ते चूक ठरेल. ही त्याची मूळ प्रकृती आहे. माणसाने वाढवलेल्या कार्बनचा वाटा त्याच्यातही उतरतो आहे आणि त्याचेही पाणी अधिकाधिक आम्लधर्मी होत आहे. फक्त निव्वळ हिशेबात तो अजून देणाऱ्यांच्या बाजूला आहे. शेजारचा बंगालचा उपसागर वेगळा निघाला. गंगा-ब्रह्मपुत्रा-गोदावरीच्या गोड्या पाण्याचे झाकण त्याच्यावर असते, खालचे पाणी सहसा वर येत नाही, आणि काही काळ तो कार्बन घेतोही, असे दिलीप कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले.

आकड्यांबाबत मात्र एक वाद राहिला आणि तो प्रामाणिक वाद आहे. दाबातला फरक कळला तरी वायू किती वेगाने सुटतो ते वाऱ्यावर अवलंबून असते, साधारण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेगवेगळी सूत्रे वेगवेगळी उत्तरे देतात. मंद वाऱ्यात ती जवळजवळ असतात. आखाडातल्या वाऱ्यात दूर जातात. म्हणून अरबी समुद्र देतो यावर एकमत आहे, नेमका किती देतो यावर नाही.

पाण्याबरोबर हवाही मोजावी लागते. गोव्याच्या काणकोण तालुक्यात काब द राम, म्हणजे आपला जुना खोलगड, समुद्रात शिरलेल्या कड्यावर उभा आहे. १९९३ पासून तिथे काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरून ती ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवत. एनआयओचे डी. व्ही. बोरोले आणि अहमदाबादचे एस. के. भट्टाचार्य यांचा या कामात वाटा होता. पावसाळ्यात तिथे येणारी हवा दक्षिण गोलार्धातून समुद्रावरून आलेली, स्वच्छ. हिवाळ्यात वारा फिरतो आणि भूमीवरची कार्बनने जड झालेली हवा येते. भारताच्या किनाऱ्यावरची ही पहिली दीर्घ नोंद. २००९ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, सिंहगडावरही हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली, आणि कोकणचा कडा व सह्याद्रीचा माथा यांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येऊ लागले.

बोरोले यांचे नाव आणखी एका कामात दिसते, आणि तिथे ही कथा थेट ठाणे-कल्याणकडे येते. उल्हास नदीच्या खाडीतल्या गाळातल्या पाऱ्यावर अनिरुद्ध राम, रोकडे, बोरोले आणि झिंगडे यांनी एनआयओच्या मुंबई केंद्रातून संशोधन केले; ते २००३ मध्ये आणि पुढेही प्रसिद्ध झाले. कॉस्टिक सोडा बनवताना पारा वापरणाऱ्या कारखान्यांचा वारसा त्या गाळात थरांनी साठला होता. खोलगडाच्या कड्यावरची हवा आणि कल्याणच्या खाडीतला गाळ एकाच शास्त्रज्ञाच्या कामात यावेत, हे मला फार मोलाचे वाटते. समुद्राचा हिशेब करणाऱ्याला नदीचे मुख सोडून चालत नाही.

समुद्राला आणखी कार्बन घ्यायला लावता येईल का, हेही गोव्याच्या शास्त्रज्ञांनी तपासले. दक्षिण महासागरात लोह कमी आहे. लोह टाकले तर वनस्पती वाढतील आणि कार्बन तळाला नेतील, अशी कल्पना होती. जानेवारी २००९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज केपटाउनहून निघाले. नेतृत्व वाजिह नक्वी आणि नैनितालच्या डोंगरात वाढलेले व्हिक्टर स्मेटासेक यांचे. पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपामुळे जर्मन सरकारने प्रयोग थांबवला आणि तपासणीनंतर महिनाअखेरीस परवानगी दिली. सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोह सोडले गेले, वनस्पती वाढल्या, पण कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांनी त्या फस्त केल्या. डायटम या वनस्पतींना लागणारे सिलिकेट त्या पाण्यात नव्हतेच. तळाला फारसे काही गेले नाही. लोह ओतून हवामान दुरुस्त करण्याच्या व्यापारी योजनांना हा मोठा धक्का होता. शास्त्राने नाही म्हणण्याइतके प्रामाणिक उत्तर दिले, याचे श्रेय त्या गटाला द्यायला हवे.

जागतिक हिशेब दरम्यान जुळत आला. नव्वदच्या दशकातल्या ९६१८ ठिकाणांचे आकडे एकत्र करून ख्रिस सबाइन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सांगितले की औद्योगिक युग सुरू झाल्यापासून १९९४ पर्यंत समुद्रांनी माणसाचा ११८ अब्ज टन कार्बन घेतला. निकोलस ग्रूबर यांच्या गटाने १९९४ ते २००७ या काळात आणखी ३४ अब्ज टनांची भर दाखवली. न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट वेधशाळेतले तारो ताकाहाशी यांनी आयुष्यभर जहाजाजहाजांवरून गोळा केलेल्या मोजणीतून जगाचा नकाशा रंगवला. २००९ च्या आवृत्तीत तीस लाख नोंदी होत्या. त्या नकाशात कार्बन देणाऱ्या समुद्रांत अरबी समुद्र ठळक उठून दिसतो.

पण त्या नकाशात आपल्या बाजूला नोंदी विरळ आहेत. नव्वदच्या दशकातल्या भरतीनंतर ओहोटी आली. सोमालियाच्या चाच्यांमुळे २००८ नंतर काही वर्षे पश्चिम अरबी समुद्रात संशोधन जहाजे नेणे धोक्याचे झाले. डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यातून दुसरी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू झाली, आयआयटीएममध्ये विनू वल्सला यांच्यासारखे संशोधक संगणकी प्रारूपांतून पोकळ्या भरतात. तरी प्रारूप म्हणजे मोजणी नव्हे. तीन दशकांपूर्वी आखाडात मोजलेला आकडा आजही तसाच आहे की बदलला, हे सांगायला पुन्हा आखाडातच जावे लागेल.

आणि खाडी? उल्हास लोणावळ्याच्या डोंगरातून निघून कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. ठाण्याची खाडी मुंबईच्या बंदराला मिळते आणि एका अरुंद फाट्याने उल्हासशी जोडलेली आहे. शहरांचे सांडपाणी या खाड्यांत उतरते, जिवाणू ते खातात, प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि हवेत जातो. अरबी समुद्रात शेकडो मीटर खोल जे घडते तेच इथे हाताच्या अंतरावर घडते. काठावरची कांदळवने मात्र उलट काम करतात, चिखलात कार्बन पुरून ठेवतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला तो मुख्यतः पक्ष्यांमुळे आणि पाणथळीमुळे, पण या चिखलातल्या ठेवीसाठीही ती जपायला हवी.

या खाड्यांचा कार्बनचा हिशेब ठेवायला ‘सागरकन्या’ लागत नाही. अल्कलिनिटी मोजायला ब्युरेट आणि मापून तयार केलेले आम्ल पुरते, जोडीला चांगला पीएच मीटर, तापमान आणि लवणता. उरलेले गणित आहे. हे साहित्य ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयात असते. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने याच खाड्यांतल्या जिवांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे, म्हणजे परंपराही आहे. रसायनशास्त्राच्या विभागांनी आता गायमुख, कोलशेत, मोठागाव, दुर्गाडीचा धक्का अशी चार ठिकाणे ठरवावीत, दर महिन्याला उधाणाच्या एका आणि भांगाच्या एका दिवशी पाणी घ्यावे, आणि आखाडात खंड पडू देऊ नये. विद्यार्थी बदलतील, प्राध्यापक निवृत्त होतील. वही पुढच्याच्या हाती द्यावी आणि आकडे सर्वांना खुले ठेवावेत. पहिला नमुना येत्या उधाणालाच घ्या.